रिव्हॉल्व्हरचं सीमोल्लंघन

शस्त्राचा निरोप घेणं ही माणसाच्या आयुष्यातली एक गंभीर घटना असते. हे वाक्य माझ्या नवऱ्याचं. ऐंशीच्या दशकातल्या एका दसऱ्याला, ॲन आर्बरच्या आमच्या घरात, हातात श्रीखंडाची वाटी घेऊन तो हे म्हणाला. ते शस्त्र समोरच टेबलावर होतं. त्याच्या एका बाजूला मिक्सर होता, दुसऱ्या बाजूला गाडीच्या किल्ल्या, आणि तिन्हींनाही सारखंच कुंकू लागलेलं होतं.

नवरा भूल देणारा डॉक्टर. डेट्रॉइटच्या हॉस्पिटलात रेसिडेन्सी करत होता तेव्हा आमच्या गाडीची काच फोडून कोणीतरी रेडिओ नेला. त्यावर एका वरिष्ठ डॉक्टरने त्याला सल्ला दिला की रिव्हॉल्व्हर घे. रेडिओ गेला तर रेडिओ घ्यावा असं मला वाटत होतं, पण आम्ही नवीन होतो आणि वरिष्ठांचं ऐकायची आम्हाला सवय होती. पोलिसांकडे नोंद करून रीतसर विकत घेतलेलं ते रिव्हॉल्व्हर त्याने एकदा रेंजवर जाऊन चालवलं, खांदा दुखतो म्हणून दोन दिवस शेक घेतला आणि टॉवेलात गुंडाळून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिलं. त्यानंतर ते वर्षातून एकदा खाली यायचं, दसऱ्याच्या पूजेला. पूजा झाली की नवरा आपल्या क्षात्रतेजाविषयी थोडं बोलायचा. लोकांना झोपवणं हा त्याचा व्यवसायच असल्यामुळे पाहुणे समजून घ्यायचे.

मग मुलगी खुर्ची ओढून फळीपर्यंत पोचायला लागली. "व्हॉट्स इन द टॉवेल, आई?" असं तिने विचारलं त्या दिवशी मी ठरवलं की ही वस्तू घरात नको.

गिऱ्हाईक नवऱ्यानेच शोधलं. त्याचा होस्टेलमधला मित्र शिकागोजवळ नेपरव्हिलला राहायचा. इंजिनिअर होता आणि त्याला नेमबाजीचा नाद लागला होता. इलिनॉयमध्ये हत्यार बाळगायला जे कार्ड लागतं ते त्याच्याकडे होतं. फोनवर व्यवहार ठरला. "शब्द दिलाय," नवरा फोन ठेवून म्हणाला. आमच्यात शब्द दिला की पुढचं सगळं झाल्यातच जमा असतं, निदान देणाऱ्याच्या मनात.

आता त्या दिवसांतली खरी काळजी सांगते. आम्ही नागरिकत्वासाठी अर्ज केला होता आणि नवऱ्याची मुलाखत काही आठवड्यांवर आली होती. अर्जात एक प्रश्न असा होता की ज्यासाठी तुम्हाला अटक झालेली नाही असा एखादा गुन्हा तुम्ही केला आहे का. ज्याने कोणी तो प्रश्न रचला त्याच्याबद्दल मला आदर वाटतो. इतका सरळ प्रश्न मला माहेरी, सासरी, विद्यापीठात कोणी कधी विचारला नव्हता. आम्ही दोघांनी 'नाही' असं लिहून सह्या केल्या होत्या, आणि तेव्हा ते खरं होतं.

दसऱ्याला नेपरव्हिलचेच एक काका-काकू आमच्याकडे राहायला आले होते. नात्याने ते आमचे कोणी नव्हते. आमच्याआधी काही वर्षं या देशात आले होते, एवढ्यावर ते काका-काकू झाले होते. दुसऱ्या दिवशी, रविवारी, मला लायब्ररीत ड्यूटी होती. मी विद्यापीठाच्या लायब्ररीत नोकरी करायचे. सकाळी निघताना काकू स्वयंपाकघरात वाटेत खायला दशम्या करत होत्या.

"आम्ही बॅटल क्रीकजवळच्या रेस्ट एरियात थांबतो नेहमी," त्या म्हणाल्या. "तिथे बाकं चांगली आहेत. ह्यांना उघड्यावर जेवायला आवडतं."

"आणि बाथरूम स्वच्छ आहे," काका पेपरामागून म्हणाले. ते सिव्हिल इंजिनिअर होते.

मी त्यांना नमस्कार करून निघाले.

रविवारी लायब्ररीत फारसं कोणी येत नाही. बंदुकीच्या विक्रीला काही कायदा असेल का, असं सहज मनात आलं आणि मी संदर्भ विभागातलं केंद्रीय कायद्यांचं जाडजूड पुस्तक काढलं. कायद्याची भाषा आपल्याकडच्या लग्नपत्रिकेसारखी असते, मुख्य माणसाचं नाव शेवटी येतं. पण दोनदा वाचल्यावर अर्थ कळला. एका राज्यात राहणाऱ्या साध्या माणसाने दुसऱ्या राज्यात राहणाऱ्या साध्या माणसाला पिस्तूल परस्पर द्यायचं नाही. ते खरेदी करणाऱ्याच्या राज्यातल्या परवानाधारक दुकानदाराकडे जायला हवं, आणि त्याने ते तिथले नियम पाळून त्याच्या हातात द्यायला हवं. तसं केलं नाही तर तो केंद्रीय गुन्हा. मग मी मिशिगनचंही पुस्तक काढलं. गाडीत परवान्याशिवाय पिस्तूल बाळगणं हा राज्याचा वेगळा गुन्हा होता.

मला हायसं वाटलं. वेळेवर कळलं होतं. मी घरी फोन लावला.

"अहो, तुमच्या मित्राला सांगा, जरा थांबावं लागेल. ते दुकानामार्फतच पाठवायला लागतं."

"काय पाठवायला लागतं?"

"रिव्हॉल्व्हर."

मग तो म्हणाला, "अगं, पाठवलं की."

"कोणाबरोबर?"

"काकांबरोबर. ते जाणारच होते ना."

ज्यांनी त्या काळात अमेरिकेत मराठी संसार केला त्यांना याहून जास्त सांगायला नको. आमच्यात काहीही पाठवायचं असलं की पहिला प्रश्न 'पोस्टाने किती लागतील' असा नसायचा, 'कोणी जाणारं आहे का' असा असायचा. लोणची, साड्या, पासपोर्ट, गणपती, एकदा तर एका नवऱ्या मुलीचे सासरे, सगळं जाणाऱ्याबरोबर गेलेलं आहे. आणि या रिवाजाचा एक नियम पक्का होता. नेणाऱ्याने पार्सलात काय आहे ते विचारायचं नाही. विचारणं म्हणजे संशय घेणं. त्यामुळे आत काय आहे ते काकांनी विचारलं नव्हतं. आणि त्यांनी विचारलं नाही म्हणून नवऱ्याने सांगितलंही नव्हतं.

"बुटांच्या खोक्यात नीट बांधून दिलंय, सुतळीने," नवरा म्हणाला. "गोळ्या काढून घेतल्यात. मी काय मूर्ख आहे का?"

या प्रश्नाला अर्जात रकाना नव्हता.

"दसऱ्याचं सीमोल्लंघन," तो पुढे म्हणाला. "शस्त्र सीमेपलीकडे निघालं. मुहूर्त बघ किती—"

"सीमेपलीकडे नेलं की तो गुन्हा आहे. फेडरल. तुमची मुलाखत आहे, लक्षात आहे ना? आणि वाटेत पोलिसांनी थांबवलं तर काकांना गाडीतच अटक होईल. त्यांचं मिळालेलं नागरिकत्व, नोकरी, सगळं जाईल. कधी निघाले ते?"

"झाला असेल तास." आता त्याचा आवाज खाली आला होता. "मी ऑन-कॉल आहे गं. लेकीला कुठे ठेवू? काय करायचं?"

मी फोन ठेवला, सहकारी बाईला घरी अडचण आहे एवढंच सांगितलं आणि गाडी काढली.

तेव्हा हायवेवर ताशी पंचावन्न मैलांची मर्यादा होती. माझ्या आशेचा एकमेव आधार असा होता की काका ती मर्यादा नुसती पाळायचे नाहीत, तिच्यापासून आदराने थोडं मागे राहायचे. मी मात्र त्या दिवशी कायद्याचं पुस्तक मिटून थेट कायदा मोडायला निघाले होते. प्रत्येक पुलाखाली मला पोलिसांची गाडी दिसायची आणि जवळ गेल्यावर ती सावली निघायची. मनात सारखं एकच चित्र येत होतं की काकांच्या गाडीचा ब्लिंकर, म्हणजे वळायचा दिवा, चालू राहिलाय, जो नेहमीच चालू राहायचा, आणि त्याबद्दल सांगायला कोणी पोलीस त्यांना बाजूला घेतोय. काका घाबरले की फार बोलतात. ते स्वतःहूनच म्हणतील, साहेब, पाहिजे तर गाडी तपासा.

जॅक्सन गेलं. झाडं लाल-पिवळी झाली होती आणि मला त्यांचा राग येत होता. पुढे इंडियानाची हद्द अजून बरीच लांब होती, पण रेस्ट एरिया सुटला तर त्यांना गाठायला दुसरी जागा नव्हती. ते न थांबता पुढे गेले तर? थंडी आहे, गाडीतच खाऊ, असं काकू म्हणाल्या तर?

रेस्ट एरियात वळले तेव्हा काकांची तपकिरी स्टेशन वॅगन मला लगेच दिसली. ब्लिंकर चालू होता. तिच्या शेजारी राज्य पोलिसांची निळी गाडी उभी होती.

मी गाडी कशी लावली ते मला आठवत नाही. पलीकडे हिरवळीवर बाकावर काका आणि काकू बसले होते. साडीवर कोट, पायात मोजे आणि चपला, अशा वेषात काकू जेवण वाढत होत्या. आणि टेबलाशी एक उंच पोलीस उभा होता. टोपी काखेत धरून दशमी खात होता.

मला पाहून काकू ओरडल्याच. "अगंबाई! तू कशी इथे? काय झालं? सगळे बरे आहेत ना?"

"सगळे बरे आहेत," मी म्हटलं. माझे डोळे टेबलावर होते. वारा चांगलाच सुटला होता. कागदी प्लेटा, नॅपकिनं, काकांचा पेपर, सगळं उडू नये म्हणून काकूंनी त्यावर एक जड वस्तू ठेवली होती. ब्राऊन पेपरात बांधलेलं, सुतळीने आवळलेलं बुटांचं खोकं. त्याच्यावर चटणीचा डबा होता.

"ही आमची मैत्रीण," काकूंनी पोलिसाला इंग्रजीत सांगितलं. "हिच्याकडूनच आलो. हे पार्सलही हिचंच."

पोलिसाने मान लववली. मग चटणीचा डबा बाजूला करून त्याने सहज ते खोकं उचललं. वारा आला तशा प्लेटा फडफडल्या. "वजनदार आहे," तो म्हणाला. "काय आहे यात?"

काकांनी खांदे उडवले. काकूंना मात्र गप्प राहणं असभ्य वाटलं असावं. "स्वीट्स," त्या म्हणाल्या. "लाडू. होममेड." मग आवाज जरा खाली आणून, "ती जरा घट्टच वळते."

माझ्या लाडवांबद्दल काकूंचं मत मला अशा रीतीने, एका पोलिसाच्या साक्षीने, कळलं. एरवी मी ते वर्षभर मनात ठेवलं असतं. तेव्हा मला त्या खोक्याशिवाय काही दिसत नव्हतं. पोलीस ते तळहातावर तोलत होता. आत काहीतरी सरकलं आणि धातूचा बारीक आवाज झाला. तो मी ऐकला. त्याने ऐकला की नाही ते कळेना.

"मला गोड आवडतं," तो हसून म्हणाला.

"मग घ्या ना!" काकू म्हणाल्या आणि त्यांनी सुतळीच्या गाठीला हात घातला. "एकाने काय होतंय? नेपरव्हिलला मी सांगेन त्यांना."

"नको!" मी म्हटलं. ते इतकं मोठ्याने निघालं की पलीकडच्या बाकावरचं कुत्रं भुंकायला लागलं.

पोलिसाने माझ्याकडे पाहिलं. त्याचं हसू गेलं नव्हतं, पण थांबलं होतं. हे थांबलेलं हसू मी पूर्वी फक्त इमिग्रेशनच्या खिडकीत पाहिलं होतं.

मला खोटं बोलता येत नाही. हा सद्गुण नाही, सरावाचा अभाव आहे. आणि आता पोलिसाशी खोटं बोलले तर अर्जातल्या त्या प्रश्नाचं उत्तर आणखी लांबलं असतं. मी शोधत होते ते एक खरं वाक्य.

"ही पूजेतली वस्तू आहे," मी इंग्रजीत म्हटलं. "काल आमचा सण होता. आमच्या देवासमोर मांडलेली होती. मंत्र म्हणून, कुंकू लावून. रस्त्यात उघडलेली चालणार नाही."

यात एक अक्षर खोटं नव्हतं.

देवाधर्माच्या नावाने जगभर जे चालतं त्याबद्दल मी पुष्कळ वाचलेलं आहे आणि माझं मत फारसं चांगलं नाही. पण त्या दिवशी मी धर्माचं सामर्थ्य डोळ्यांनी पाहिलं. त्या उंच माणसाने खोकं दोन्ही हातांनी, देव्हाऱ्यात ठेवावं तसं, टेबलावर ठेवलं. "माफ करा, मॅडम," तो म्हणाला. "मला कल्पना नव्हती." मग काकूंचे जेवणाबद्दल आभार मानून, काकांना ब्लिंकरबद्दल सांगून, तो आपल्या गाडीत जाऊन बसला. निघाला मात्र नाही. काच खाली करून रेडिओवर कोणाशी तरी बोलत राहिला.

"पूजेतली म्हणजे?" काकू म्हणाल्या. "लाडू का पूजेत मांडतेस तू?"

"काकू, हे पार्सल मला परत न्यायचंय."

काकांनी घास खाली ठेवला. "परत? आमच्या हातात दिलेलं पार्सल परत? कोणी काही बोललं का? इतकी वर्षं आम्ही लोकांचं सामान नेतोय, एक वाटी कोणाची हरवलेली नाही."

"तसं नाही काका. यात जे आहे ते असं न्यायचं नसतं."

"काय आहे?"

आता अडचण अशी की पोलिसाची काच खाली होती आणि आमच्या मराठीत या वस्तूला, तिच्या परवान्याला, तिच्याबद्दल होणाऱ्या शिक्षेला, प्रत्येकाला इंग्रजी शब्द होता. कोणालाही कळलं असतं. पोलिसाला तर सगळंच कळलं असतं.

"खंडेनवमीला आपण ज्याची पूजा करतो ते," मी म्हटलं.

काकूंनी विचार केला. "शिवणाचं मशीन?"

"एवढ्या खोक्यात?" काका म्हणाले. "मी माझी स्लाइड रूल ठेवतो पूजेत. स्लाइड रूल आहे का?"

"विळी असेल," काकू म्हणाल्या. "मेले, विळीच दिलीस होय नेपरव्हिलच्या त्या मित्राला? त्याचं लग्न होऊन दहा वर्षं झाली, आता कुठे—"

"काकू, पूर्वी राजे-सरदार ज्याची पूजा करायचे ते. हल्लीचं. लहान. हातात मावणारं. बार उडवणारं."

काका इंजिनिअर होते. त्यांनी खोक्याकडे पाहिलं, त्याची लांबी-रुंदी नजरेने मोजली, वजन आठवलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला. त्यांनी पोलिसाच्या गाडीकडे पाहायचं टाळलं, ते मला जास्तच भीतिदायक वाटलं.

"अगं," ते काकूंना कुजबुजत म्हणाले, "त्याच्यावर आपण चटणीचा डबा ठेवला होता."

"मग काय झालं?" काकू म्हणाल्या. त्यांना अजून उलगडा झाला नव्हता. "डबा स्वच्छ आहे."

आम्ही तिघं तिथे बसून राहिलो. काका दशमीचा एकच तुकडा चावत राहिले. शेवटी निळी गाडी सुरू झाली, मागे आली, आमच्यासमोर थांबली. पोलिसाने हात वर केला. "हॅपी हॉलिडे!" तो म्हणाला आणि हायवेला लागला.

मग मी काकूंना शब्दाशब्दाने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पदर खोचला आणि पहिली गोष्ट कोणती बोलल्या तर, "आणि आता तुमच्या मित्राकडे मी रिकाम्या हातांनी जायचं? तो पार्सलची वाट बघतोय."

"सांगा, लाडू फार घट्ट झाले म्हणून परत नेले."

काकू थोड्या लाजल्या. काका नाही लाजले. "तुझ्या नवऱ्याला सांग," ते उठत म्हणाले, "पुढच्या वेळी आम्ही विचारणार. सगळ्यांना विचारणार." त्यांच्यासारख्या माणसाच्या तोंडी हे म्हणजे एका युगाचा अंत होता. प्रत्यक्षात पुढच्याच महिन्यात त्यांनी कोणाचं तरी पार्सल न विचारता नेलं.

खोकं मी डिकीत ठेवलं, कुलूप लावलं आणि मर्यादेच्या आत, उजव्या लेनमधून घरी आले. वाटेत माझ्या लक्षात आलं की नोंद नवऱ्याच्या नावावर आहे आणि गाडी मी चालवते आहे. हे कोणत्या कलमात बसतं ते मी मुद्दाम आठवलं नाही. कायदा थोडा वाचलेल्या माणसाइतकं दुःखी कोणी नसतं.

घरी नवरा दारातच उभा होता. माझ्या हातातलं खोकं त्याने घेतलं आणि आत नेलं. क्षात्रतेजाविषयी काही बोलला नाही.

पुढचं सगळं कंटाळवाणं आणि कायदेशीर झालं. गावाबाहेरच्या एका परवानाधारक दुकानदाराने ते रिव्हॉल्व्हर आपल्या वहीत नोंदवलं आणि नेपरव्हिलजवळच्या दुसऱ्या परवानाधारकाकडे रवाना केलं. तिथे मित्राने आपलं कार्ड दाखवलं, ठरलेली मुदत थांबला आणि मग ते घरी नेलं. दोन्ही दुकानदारांनी आपापली फी घेतली. मित्र फोनवर म्हणाला, "यार, काकांबरोबरच पाठवायचंस ना."

मुलाखतीच्या आधीचे आठवडे वाईट गेले. रविवारी घडलं तो गुन्हा होता का, यावर आमची रोज चर्चा व्हायची. हद्द ओलांडली नव्हती, पण दुसऱ्या राज्याच्या माणसाच्या हातात तर दिलंच होतं. "मी सगळं सांगणार," नवरा म्हणाला. "नागरिकत्वाची सुरुवात असत्याने करायची नाही." त्याने एक निवेदन तयार केलं आणि दाढी करताना पाठ केलं. त्यात सत्य, कायद्याचं राज्य आणि स्थलांतरिताचं कर्तव्य यांवर प्रत्येकी एक वाक्य होतं. मी म्हटलं, थोडक्यात सांगा. तो म्हणाला, ही थोडक्यात सांगायची गोष्ट नाही. रात्री मला झोप लागत नसे. नकार आला तर नोकरीचं काय, घराच्या कर्जाचं काय, आणि मुलगी इथे जन्मलेली, ती इथली आणि आम्ही कुठले?

मुलाखतीच्या दिवशी मी बाहेर बाकावर बसले. आत तो बराच वेळ होता. समोरच्या भिंतीवर राष्ट्राध्यक्षांचा फोटो होता, आणि तेही माझ्यासारखेच दाराकडे बघत असल्यासारखे दिसत होते. दार उघडलं तेव्हा नवरा अशा चेहऱ्याने बाहेर आला की मला काही विचारायचं धाडस होईना. गाडीत बसल्यावर मी विचारलं.

"काय झालं?"

"पास."

"तो प्रश्न विचारला?"

"विचारला. मी सगळं सांगितलं. पहिल्यापासून."

"मग?"

"मधेच थांबवलं त्याने. शेवटी दुकानामार्फत विकलंत ना, एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. मग म्हणाला, नळी किती इंची होती? मी म्हटलं, चार. मग म्हणाला, कितीला दिलंत?" नवरा समोर बघत राहिला. "मी आकडा सांगितला. म्हणाला, फार स्वस्तात दिलंत. मीच घेतलं असतं."

तो अधिकारी ॲन आर्बरलाच राहत होता.